करंगळीच्या बाजूची धमनी आणि मेंदूची ॲन्जिओग्राफी

प्रश्न : आम्ही दापोली तालुक्यातले. माझे यजमान ५६ वर्षांचे असून आमची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. चार वर्षांपूर्वी त्यांची हृदयाची ॲन्जिओप्लास्टी उजव्या मनगटातून झाली. तेव्हापासून ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. वैशाखात त्यांना चक्कर येऊ लागली म्हणून एमआरआय केला, त्यात मेंदूच्या एका धमनीवर ५ मिलिमीटरचा फुगा दिसला. मुंबईच्या रुग्णालयात मेंदूची ॲन्जिओग्राफी करायला सांगितले आहे. तिथल्या डॉक्टरांनी मनगटावर सोनोग्राफी करून सांगितले, की पूर्वी वापरलेली अंगठ्याकडची धमनी बंद झाली आहे. आता करंगळीच्या बाजूच्या धमनीतून, डाव्या हातातून किंवा जांघेतून करता येईल, विचार करून या. इथले आमचे डॉक्टर म्हणतात, नाडी तर व्यवस्थित लागते आहे. माझ्या दिरांची ॲन्जिओग्राफी जांघेतून झाली होती तेव्हा त्यांची मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी पडली, म्हणून हे जांघेला तयार नाहीत. करंगळीकडून करणे हा काही नवा प्रयोग तर नाही ना? आमचे पोट यांच्या हातातल्या सुरीवर आहे. हे म्हणतात, गणपती होऊ देत, मग बघू. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, तुमच्या मनातली मुख्य शंका आधी दूर करतो. करंगळीच्या बाजूच्या धमनीतून, म्हणजे अल्नर धमनीतून, मेंदूपर्यंत जाणे हा प्रयोग नाही. ती माहितीतली आणि वापरातली वाट आहे. मात्र तुमच्या यजमानांच्या उजव्या हातासाठी ती पहिली निवड असू नये, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे तुम्ही पत्रात लिहिलेल्या माहितीतच आहेत.

तीन पर्याय पुढे ठेवून ‘विचार करून या’ एवढेच सांगितले, की घरच्या माणसांना तो आवडीनिवडीचा प्रश्न वाटू लागतो. प्रत्यक्षात कोणत्या वाटेने जायचे हे त्या-त्या धमनीची रुंदी, पूर्वीच्या उपचाराने तिच्यात झालेला बदल, फुगा मेंदूच्या कोणत्या बाजूला आहे आणि ॲन्जिओग्राफीनंतर पुढे काय करायचे आहे, यांवरून ठरते. ही माहिती डॉक्टरांनी तुम्हाला द्यायची असते आणि तुम्ही ती निःसंकोचपणे मागायची असते.

मेंदूच्या धमन्यांचे क्ष-किरण चित्र प्रथम काढले ते पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी, १९२७ मध्ये. त्या काळी औषध थेट मानेतल्या धमनीत सोडले जाई. पुढे १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची पद्धत मांडली, आणि जांघेतली मोठी धमनी हाच पुढची कित्येक दशके नेहमीचा मार्ग राहिला. मनगटाची वाट रुळवली ती हृदयरोगतज्ज्ञांनी. मॉन्ट्रियलच्या लुसिएन कॅम्पो यांनी १९८९ मध्ये अंगठ्याकडच्या रेडियल धमनीतून केलेल्या हृदयाच्या ॲन्जिओग्राफीचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि १९९२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनेय यांनी त्याच वाटेने ॲन्जिओप्लास्टी सुरू केली. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ या वाटेकडे उशिरा वळले, कारण हृदयाकडे जाणारी नळी हातातून जवळपास सरळ खाली उतरते, तर मेंदूकडे जाण्यासाठी तिला छातीत पोहोचल्यावर पुन्हा वर वळावे लागते.

मनगटाचा फायदा काय, हे समजून घेतले तर पुढचे सगळे समजायला सोपे जाईल. रेडियल धमनी कातडीखाली अगदी वर असते आणि तिच्या मागे हाड असते; नळी काढल्यावर वरून दाब दिला की रक्त थांबते, आणि आत कुठे नकळत रक्त साचायला जागा नसते. जांघेतली धमनी खोल असते. तिथून रक्त झिरपले तर मांडीत पसरते, क्वचित पोटाच्या मागच्या भागात साचते आणि बाहेरून पटकन कळतही नाही. शिवाय जांघेनंतर साधारण चार ते सहा तास पाय न हलवता उताणे पडून राहावे लागते. मनगटानंतर माणूस लगेच उठून बसतो. हृदयाच्या बाबतीत हा फायदा हजारो रुग्णांच्या चाचण्यांतून सिद्ध झालेला आहे. मेंदूच्या बाबतीत पुरावा तितका मोठा नाही, परंतु नळी घालण्याच्या जागेच्या तक्रारी मनगटात कमी होतात, हे तिथेही दिसते.

आता नाडीबद्दल. तुमच्या दोन डॉक्टरांपैकी एकाचे चुकले असे मानू नका. दोघांचेही बरोबर आहे. तळहाताला दोन धमन्या रक्त पुरवतात, अंगठ्याकडून रेडियल आणि करंगळीकडून अल्नर, आणि बहुतेक माणसांत त्या तळहातात कमानीसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एकाच मळ्याला दोन बाजूंच्या पऱ्यांचे पाणी मिळावे, तशी ही रचना आहे. एक पऱ्या वरच्या अंगाला बुजला, तर दुसऱ्याचे पाणी मळ्यातून उलटे फिरून बुजलेल्या पऱ्याच्या तोंडापर्यंत येते. तुमच्या यजमानांची रेडियल धमनी हातात वरच्या बाजूला बंद झाली असली, तरी अल्नरचे रक्त कमानीतून उलट येऊन मनगटाशी नाडी उडवत असणार. बोटांनी तपासणाऱ्याला ती नाडीच लागते. सोनोग्राफीला मात्र रक्त कोणत्या दिशेने वाहते आहे हे दिसते.

हे तपासण्याची एक साधी रीत रुग्णालयात वापरतात. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र हाताच्या अंगठ्याला लावतात, पडद्यावर नाडीच्या लाटा उमटू लागतात, आणि मग करंगळीच्या बाजूची धमनी अंगठ्याने दाबून धरतात. रेडियल खरोखर उघडी असेल तर लाटा टिकतात किंवा थोड्या वेळात परत येतात. ती बंद असेल तर पडद्यावरची रेघ सपाट होते. हीच तपासणी उलट करून, म्हणजे रेडियल दाबून अल्नर एकटी हात सांभाळते का हे पाहून, तिचे अ ते ड असे चार प्रकार करण्याची पद्धत २००४ मध्ये कॅनडातल्या बार्बो यांनी मांडली. त्याआधी १९२९ पासून ॲलन यांची, हात आवळून मग तळव्याचा रंग परत येतो का हे पाहण्याची, परीक्षा चालत आली होती. तुम्ही या गोष्टी घरी करून निष्कर्ष काढू नका. पण तुमच्या यजमानांच्या दोन्ही हातांची अशी नोंद झाली आहे का, हे अवश्य विचारा.

ॲन्जिओप्लास्टीनंतर रेडियल धमनी अशी बंद होणे फार दुर्मीळ नाही, आणि बहुतेकांना ते जाणवतही नाही, कारण अल्नर हात सांभाळून घेते. तुमच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गेली चार वर्षे तुमच्या यजमानांचा उजवा हात मुख्यतः करंगळीकडच्या धमनीवर चालला आहे. तिच्यात नळी घालायची, म्हणजे चालू असलेल्या मुख्य पुरवठ्यालाच हात लावायचा.

असे करूच नये, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी रेडियल बंद असलेल्या हातातही अल्नरमधून उपचार केल्याचे आणि हात सुरक्षित राहिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले आहेत. हाताच्या दोन हाडांमधून उतरणारी तिसरी, बारीक धमनी अशा वेळी आधार देते. तरीही माझा कल सावधपणाकडे आहे. डावा हात अजून कोणी वापरलेला नाही, जांघ उपलब्ध आहे, आणि हे काम तातडीने जीव वाचवण्याचे नसून नियोजन करून करायचे आहे. अशा परिस्थितीत उजव्या हाताचा मुख्य पुरवठा पणाला लावायचे कारण मला दिसत नाही. डॉक्टरांना यापेक्षा वेगळे वाटत असेल, तर त्याचे कारण त्यांच्याकडून समजून घ्या. मनगटावर सोनोग्राफी करून पाहणारा डॉक्टर तुम्हाला भेटला आहे, ही चांगली गोष्ट आहे.

ज्यांची रेडियल उघडी आहे पण फार बारीक, वळ्यावळ्यांची किंवा सुई लागताच आकसणारी आहे, त्यांच्यासाठी अल्नर हा खरोखर उपयोगी पर्याय असतो. काहींच्या हातात ती रेडियलपेक्षा रुंदही असते. तिची अडचण अशी, की मनगटाशी ती जरा खोल असते, तिच्याखाली दाब द्यायला रेडियलसारखे हाड नसते, आणि तिला अगदी लागून, करंगळीच्या अंगाला, अल्नर मज्जातंतू जातो. यामुळे निकाल हा सुई धरणाऱ्याच्या सवयीवर फार अवलंबून राहतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ग्रीसमधील चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण अल्नरच्या गटात सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये ऐनवेळी वाट बदलावी लागली होती. उलट २०१६ मध्ये राजस्थानातल्या अजमेरच्या डॉक्टरांनी अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या चाचणीत, हात बसलेल्या डॉक्टरांकडून अल्नरचा मार्ग रेडियलच्या तोडीचा ठरला. दोन्ही चाचण्या हृदयाच्या होत्या, पण मनगटापुरता त्यांचा अर्थ मेंदूलाही लागू पडतो. म्हणून कोणी अल्नर सुचवली, तर ‘तुम्ही ही नेहमी करता का, आणि सुई सोनोग्राफीत पाहत घालता का’ हे विचारणे उद्धटपणाचे नाही.

मनगटातलीच आणखी एक वाट अलीकडे बरीच रुळली आहे. अंगठा ताणून वर उचलला, की त्याच्या मुळाशी हाताच्या पाठीवर दोन ताठ दोऱ्यांमध्ये एक खळगा पडतो. रेडियल धमनी त्या खळग्यातून पुढे जाते. तिथे सुई घालण्याला डिस्टल रेडियल म्हणतात, आणि २०१७ मध्ये वर उल्लेख केलेल्या किमेनेय यांनीच डाव्या हातातून केलेला आपला अनुभव प्रसिद्ध केल्यावर ही पद्धत सर्वत्र पसरली. तळहाताकडे जाणारी एक फांदी या जागेच्या आधीच फुटते, त्यामुळे खळग्याशी धमनी बंद झाली तरी मनगटातला प्रवाह सहसा चालू राहतो, आणि मुख्य रेडियल धमनी पुढच्या गरजेसाठी वाचते. धमनी तिथे अधिक बारीक असते, ही तिची मर्यादा.

तुमच्या यजमानांसाठी मला डावा हात, मनगटातून किंवा या खळग्यातून, प्रथम विचारात घ्यावासा वाटतो. डावा हात पोटावर आडवा ठेवला, की डॉक्टरांना उजव्या बाजूला उभे राहूनच काम करता येते. अडचण आत आहे. उजव्या हाताची मुख्य धमनी आणि उजव्या बाजूने मेंदूकडे जाणारी धमनी छातीत एकाच खोडातून फुटतात, म्हणून उजव्या हातातून मेंदूकडे वळणे सोपे जाते. डाव्या हाताची धमनी महाधमनीच्या कमानीवर स्वतंत्र आणि सर्वांत शेवटी फुटते. तिथून मानेच्या पुढच्या धमन्यांत शिरायला नळी उलटी वळवावी लागते. त्यासाठी टोकाला आकड्यासारखी वळलेली सिमन्स नावाची नळी असते, आणि ती वापरण्याचा सराव असलेल्यांना हे जमते. डोक्याच्या मागच्या भागाला रक्त देणारी डावी धमनी मात्र डाव्या हातातून अगदी जवळ पडते. फुगा पुढच्या धमनीवर आहे की मागच्या, उजवीकडे की डावीकडे, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. एमआरआयच्या अहवालात ते लिहिलेले असेल, आणि डावा हात सोयीचा पडतो की नाही हे बरेचसे त्यावरच ठरेल. छातीतल्या कमानीचा आकार आधी सीटी ॲन्जिओग्राफीत पाहिलेला असेल तर अंदाज आणखी पक्का होतो.

जांघेबद्दल तुमच्या यजमानांची भीती मी समजू शकतो. दिरांची मांडी पाहिल्यावर ती कोणालाही वाटेल. परंतु जांघ ही टाकून द्यायची वाट नाही. सोनोग्राफीत पाहून, बारीक सुईने, योग्य उंचीवर धमनी टोचली आणि नळी काढल्यावर नीट दाब दिला किंवा छिद्र बंद करण्याचे साधन वापरले, तर आज हा त्रास बराच कमी होतो. तपासणीसाठी लागणारी नळी साधारण ५ फ्रेंचची असते. १ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश, म्हणजे ही नळी दोन मिलिमीटरच्याही आतली. फुग्याचा उपचार करायचा झाला, त्यात प्लॅटिनमची बारीक वेटोळी भरायची किंवा जाळीची नळी बसवायची झाली, तर जाड नळी लागू शकते. मनगटातली धमनी सरासरी दोन ते तीन मिलिमीटरचीच असते आणि शीथची, म्हणजे धमनीत बसवून ज्यातून बाकीच्या नळ्या आत नेतात त्या आवरण-नळीची, बाहेरची जाडी आतल्या मापापेक्षा जास्त असते. म्हणूनच तपासणी हातातून आणि उपचार जांघेतून, असे वेगवेगळे ठरवणेही पूर्ण समंजसपणाचे आहे. तुम्ही डॉक्टरांना विचारा, की त्याच टेबलावर उपचारही करण्याचा विचार आहे का, की आधी केवळ चित्र काढून मग बोलायचे आहे. हातातून काम जमले नाही तर जांघेतून करण्याची संमती आधीच देऊन ठेवा. अर्ध्यावर पोहोचून मागे फिरण्यापेक्षा किंवा आकसलेल्या धमनीशी झटत बसण्यापेक्षा वेळीच वाट बदलणारा डॉक्टर रुग्णाच्या हिताचे करत असतो.

डाव्या हाताच्या बाबतीत एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. तुमचे यजमान हृदयाचे रुग्ण आहेत आणि मधुमेहीही आहेत. पुढे कधी बायपासची वेळ आली तर रेडियल धमनी काढून वापरली जाऊ शकते. मूत्रपिंडे थकली तर डायलिसिसचा फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांचा जोड, मनगटाशीच करतात. एक रेडियल गेली आहे, दुसरी तरी जपायला हवी. त्यासाठी नळी शक्य तितकी बारीक असावी, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन द्यावे, आणि शेवटी मनगटावर जो हवेचा पट्टा बांधतात तो रक्त थांबेल पण धमनीतला प्रवाह तुटणार नाही इतक्याच दाबाने बांधावा. पट्टा गच्च आवळून ठेवणे हे धमनी बंद पडण्याचे एक मोठे कारण आहे. क्रिएटिनीनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, अहवाल आधीच बिघडलेला असेल, तर हाताच्या धमन्या राखून सरळ जांघेतून करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

सुरीबद्दल तुम्ही लिहिलेत ते मला फार महत्त्वाचे वाटते, कारण रुग्णाचा व्यवसाय विचारून हात निवडण्याची पद्धत अजून पुरेशी रूढ नाही. कोय कलम बांधताना उजवा हात काडीला पाचरीचा काप देतो, आणि डाव्या हाताची बोटे कोवळ्या रोपाचा बुंधा धरून ठेवतात. मग काडी खाचेत बसवून दोन्ही हातांनी प्लास्टिकची पट्टी ताणून गुंडाळायची असते. अल्नर मज्जातंतू दुखावला तर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, शिवाय बोटे जवळ आणणारे बारीक स्नायू दुबळे पडू शकतात, आणि पट्टीवरची पकड नेमकी त्यांच्यावर असते. अंगठ्याच्या खळग्याशी जो मज्जातंतू असतो तो केवळ स्पर्शाचा आहे. तो दुखावला तर अंगठ्याच्या पाठीला मुंग्या येतात, पण ताकद जात नाही. असे दुखावणे नेहमी होत नाही, आणि झाले तरी बहुधा काळाने सुधारते. तरी सुरीचा हात उजवा असेल, तर डाव्या हाताला झुकते माप देण्याचे हे आणखी एक कारण आहे. डॉक्टरांना ‘शेती करतात’ एवढेच न सांगता, हातांनी नेमके काय करतात हे सांगा.

ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने ते आपल्या मनाने थांबवणे धोक्याचे आहे, आणि ॲन्जिओग्राफीसाठी सहसा थांबवावे लागतही नाही. मेटफॉर्मिनबद्दल रुग्णालय सांगेल तसे करा. मूत्रपिंडाचे काम कमी असेल तर ते त्या दिवसापासून थांबवून, ४८ तासांनी क्रिएटिनीन पाहून पुन्हा सुरू करतात. ॲन्जिओग्राफीचे औषध आयोडीनयुक्त असते, तेव्हा पूर्वी त्याची ॲलर्जी झाली असल्यास तेही सांगा. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

धोका शून्य आहे असे मी म्हणणार नाही. नळी मेंदूच्या धमन्यांपर्यंत न्यायची असल्यामुळे, वाट कोणतीही असली तरी पक्षाघाताची थोडी शक्यता असते. कायमचे व्यंग राहण्याचे प्रमाण अनुभवी केंद्रांत शंभरात एकापेक्षा कमी आहे. फुग्याची मान किती रुंद आहे आणि तिच्याजवळून कोणत्या फांद्या निघतात, हे या तपासणीइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून ती सांगितली जाते. चक्कर या फुग्यामुळेच आली असेल असे मात्र धरून चालू नका. न फुटलेला लहान फुगा बहुधा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतो, आणि ५ मिलिमीटरच्या फुग्यावर कधी उपचार करतात, तर कधी ठरावीक काळाने पुन्हा तपासत राहतात.

तपासणी झाली, की त्याच दिवशी गाडी काढून दापोलीला यायचे असा बेत करू नका. रुग्णालयातून लवकर सोडले, तरी ती एक रात्र मुंबईत रुग्णालयाच्या जवळ काढा. पट्टा सुटल्यानंतर मनगटातून रक्त आले, तर ज्या जागी सुई घातली होती तिथे आणि तिच्या किंचित वर, कोपराच्या दिशेला, बोटांनी घट्ट दाबून हात उंच धरायचा आणि तसेच रुग्णालयात जायचे. रक्त बाहेर न येता कोपराखालचा हात फुगत चालला, ताणल्यासारखा कडक झाला, बोटे हलवताना असह्य दुखू लागले किंवा बोटे गार आणि पांढरी पडली, तर सकाळची वाट पाहू नका. हाताच्या आत रक्त साचून दाब वाढल्याची ती लक्षणे असतात आणि तेव्हा काही तासांतच हात वाचवावा लागतो. बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे किंवा एकाएकी नजर जाणे यांपैकी काहीही झाले, तरी लगेच रुग्णालय गाठायचे. सोबत कोणी असेल त्याला हे सगळे आधीच वाचायला द्या.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस त्या हाताने बादली उचलू नये, दुचाकी चालवू नये आणि मनगट जोराने मोडू नये. सुरी आणि पट्टीचे काम साधारण आठवडाभर थांबवावे. पावसात रोपवाटिकेतल्या पिशव्या भरताना हात सारखा चिखलात असतो, म्हणून जखमेची जागा कोरडी होईपर्यंत तिला माती लागू देऊ नका. सुमारे महिन्याने डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून डाव्या हाताची धमनी उघडी आहे का, हे पाहून घ्या. फाइलला जोडलेली ती नोंद पुढे कधीही कामाला येईल.

गणपतीपर्यंत थांबायचे का, हे मी पत्रावरून ठरवू शकत नाही, आणि यजमानांनीही घरी बसून ठरवू नये. न फुटलेल्या लहान फुग्यासाठी काही आठवड्यांचा अवधी अनेकदा मिळतो, पण तो फुग्याचा आकार, जागा आणि पृष्ठभाग पाहून डॉक्टरांनी द्यायचा असतो. मुंबईला फोन करून सरळ विचारा, की कोय कलमांचा हंगाम उरकून, गणपती विसर्जनानंतरची तारीख चालेल का. चालत असेल तर तारीख आजच लिहून घ्या, म्हणजे ‘मग बघू’ला जागा उरणार नाही. तोवर रक्तदाब मोजून आटोक्यात ठेवा, आणि विडी-सिगारेट असेल तर ती आजपासून बंद झाली पाहिजे. फुगा वाढण्याशी आणि फुटण्याशी तिचा थेट संबंध आहे. मध्येच कधी आयुष्यात झाली नाही अशी डोकेदुखी एका क्षणात सुरू झाली, सोबत उलटी, मान आखडणे, पापणी लोंबणे किंवा शुद्ध हरपणे असे काही झाले, तर मुंबईच्या तारखेची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि सीटी स्कॅन होईल अशा जवळच्या रुग्णालयात जा. फुगा असल्याचे तिथे पहिल्याच वाक्यात सांगा.

मुंबईला जाताना चार वर्षांपूर्वीचे ॲन्जिओप्लास्टीचे डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची सीडी, मनगटाच्या सोनोग्राफीचा कागद आणि महिन्याच्या आतला क्रिएटिनीनचा अहवाल सोबत न्या. जुन्या कार्डावर तेव्हा किती फ्रेंचचा शीथ वापरला आणि धमनी आकसली होती का, याची नोंद असेल, तर ती डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. डाव्या हातासाठी कोणता शीथ घ्यायचा, हे ठरवताना तिचा उपयोग होईल.